भिंतीवरचे शर्टाचे तुकडे

प्रिय बाबा,

जंगलातल्या शिकारीच्या केबिनवर सुखरूप पोचले. नारिंगी कोट ऊबदार आहे, आईला सांगा. परवाच्या माझ्या पहिल्या शिकारीला कुठल्या झाडावर बसायचं, ते नॉर्बर्टकाकांनी दाखवलं.

मग भिंत दाखवली. इथल्या रिवाजाप्रमाणे हरणावरचा नेम चुकलेल्यांच्या शर्टांचे कापलेले तुकडे, नावांसकट ठोकलेले. लाइलदादाचा एकच आहे. त्या एकावरून तुम्ही त्याला चारचौघांत आंधळा म्हणत राहिलात आणि तो इथे यायचाच थांबला.

तुमचे पाच आहेत, बाबा. काटेरी तारेत फाटला म्हणालात, त्या निळ्या शर्टाचाही.

"पोरांना सांगू नकोस म्हणाला होता," काका हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

दादाला फोन केला. बारा वर्षांनी तो उद्या येतोय. गुडघा बरा असेल तर तुम्हीही या. तो निळा शर्ट घालून या.

तुमचीच,
डोरीन