शिवशरण, २००९

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून संदर्भसूची. राजशेखर सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, महिनाअखेर पूर्ण प्रबंध हवा. यापुढे एक्स्टेन्शन नाही. घाबरायचं कारण नाही. मेंढपाळ बायकांच्या गाण्यांवरची पाचही प्रकरणं तयार. कुठलं वाक्य कुठून घेतलं, एवढंच लिहायचं राहिलंय. यूट्यूबवर पाहिलं. वर्डमध्ये References नावाचा टॅब आहे. लेखक, पुस्तक, साल एकदा भरलं की यादी आपोआप. दोन दिवसांचं काम. उद्या सहाला उठणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. पहिलंच वाक्य कुठून घेतलं ते आठवेना. पण वर्डने माझ्यासारख्यांचा विचार केलाय. Placeholder! आत्ता आठवत नसेल तर नुसती जागा धरायची. एसटीत रुमाल टाकतो तसं. दुपारपर्यंत दोन प्रकरणांत रुमाल टाकून झाले. वेग समाधानकारक.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सरांना प्रिंट दाखवली. म्हणाले, हे प्लेसहोल्डर कोण गृहस्थ? फार अभ्यासू दिसतात, पानोपानी आहेत. मी हसलो. ते हसले नाहीत. वर्डने तो शब्द कंसात छापायलाच नको होता.

रविवार, ९ नोव्हेंबर
पुस्तकं शोधली, बरेचसे रुमाल उचलले. आता तिसरं प्रकरण. सर म्हणतात, हाच प्रबंधाचा जीव.
हे संघप्रियाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, एम.फिल.च्या प्रबंधातून घेतलंय. घेतलंय म्हणजे आधार घेतलाय. फाँट मी बदललाय.
लग्नाआधी ती गाणी गोळा करत दोन उन्हाळे मंद्रूपकडच्या वस्त्यांवर हिंडली होती. तिलाही पीएच.डी. करायची होती. पण मुलगी लहान, घरात एकाच वेळी दोन पीएच.डी. नकोत असं आम्ही ठरवलं. मी ठरवलं, ती बरं म्हणाली.
नवराबायकोत कसलं सायटेशन? आमटी कोणी केली ते ताटावर लिहितात का?

बुधवार, १२ नोव्हेंबर
झोप लागत नाही. हवेतला बदल असावा. संघप्रिया शाळेतून शिकवून आली, आल्या आल्या माझ्यासाठी चहा टाकला. कुठवर आलंय, विचारलं. तिसरं, म्हणालो. मग वाचू द्या की कधीतरी, म्हणाली. लॅपटॉपचं चार्जिंग संपलंय असं सांगितलं. वायर लावलेली होती. तिने वायरीकडे पाहिलं आणि कप उचलून नेला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मार्ग सापडला! तोही प्रामाणिक. Add New Source. लेखक: शिवशरण, सं. साल: २००९. मजकुरात वर्ड फक्त आडनाव आणि साल छापतं. (शिवशरण, २००९). मीही शिवशरणच. वाचणाऱ्याला वाटेल, यशपाल शिवशरण स्वतःचंच जुनं काम सांगतोय. त्याला वाटलं तर मी काय करू? मी खोटं लिहिलेलं नाही. २००९ साली ती चंदनशिवे होती, एवढाच बारीक मुद्दा.
नवी फाईल सरांना मेल केली. हलकं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
सरांचा फोन. शिवशरण, तुमचं २००९चं काम उत्तम दिसतंय, मला कधी दाखवलं नाहीत? घेऊन या. मी म्हणालो, घर बदलताना गहाळ झालं. लग्नापासून आम्ही याच घरात आहोत. सरांना खरंच वाईट वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
बाइंडिंगचा रंग बघायला नवी पेठेत गेलो. मरून ठरवला. परत आलो तर संघप्रिया लॅपटॉपसमोर. पडद्यावर तिसरं प्रकरण.
ओरडली नाही. सूचीतली ही सं. शिवशरण कोण, एवढंच विचारलं. तूच की, म्हणालो. ती म्हणाली, उन्हातान्हात हिंडत होती ती चंदनशिवे. मग Manage Sources उघडून तिने आडनाव बदललं आणि ओके केलं. एकदाच. पानोपानचे शिवशरण गेले, चंदनशिवे आले. वर्ड फार निर्दय वस्तू आहे.
नेहमीसारखं ताट वाढलं तिने. मला मान वर करता येईना.

सोमवार, २४ नोव्हेंबर
तीच फाईल सरांना स्वतःहून पाठवली. (पाठवताना ती शेजारी उभी होती.) लगेच उत्तर आलं: चंदनशिवे मॅडमना घेऊन या.

बुधवार, २६ नोव्हेंबर
घेऊन गेलो. गुरुशिष्यासारखी दोघं बोलत बसली. मी चहा सांगून आलो. कुणाला किती साखर तेही विचारलं. मग सर माझ्याकडे वळले. तिसरं प्रकरण काढा, ते यांचं आहे. स्वतः हिंडून नवीन लिहा. मुदतीसाठी मी शेवटचा शब्द टाकतो. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, हे त्यांनी म्हटलंच नाही. मी वाट बघत होतो.
निघताना संघप्रियाने सरांना विचारलं, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा कधी असते?

रविवार, ३० नोव्हेंबर
मंद्रूपला गेलो. फील्डवर्क! वस्तीवर गोजाबाई भेटल्या. संघप्रियाला बरीच गाणी यांनीच दिलेली. मी नाव सांगितलं, संशोधक म्हणून सांगितलं. काही फरक पडला नाही. संघप्रियाचा नवरा म्हटल्यावर लगेच घोंगडं अंथरलं. म्हणाल्या, संघा कुटं हाय? पोरगी लई दिस झालं आली न्हाय. घरात अडकली, म्हणालो. कशात, त्यांनी विचारलं. मी चप्पल सारखी केली.
एखादं गाणं म्हणा, अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, बायकांची गाणी हायत, तुज्याम्होरं काय म्हनू? तिला घिऊन ये की. रेकॉर्डरमध्ये तासभर शेळ्या आणि मधूनमधून माझं 'हो ना, हो ना'.
घरी येऊन संघप्रियाला विचारलं, पुढच्या रविवारी माझ्याबरोबर येशील का? ती म्हणाली, मला अभ्यास आहे, कुकर तुम्ही लावा.
लावला.