धाकटा पोचेपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू नुसतं ‘कधी?’ म्हटलंस तरी आईचे कान टवकारतात, म्हणून ही जुनी वाट. सुट्टी मिळाली. माझ्या वाट्याच्या दातांच्या कवळ्या कामावरचा जोडीदार घासून देईल. बावीस तारखेला निघतो.

विमानतळ ते विमानतळ बारा हजार किलोमीटर. दोन विमानं मिळून सोळा तास, मध्ये सहा तास बाकड्यावर बसायचं, शिवाय दोन्हीकडच्या टॅक्स्या. आईचा नेम तुला ठाऊकच आहे. घरचं माणूस वाटेत असलं की ते पोचेपर्यंत ती अन्नाला शिवत नाही. मी पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा शिलाई मशीनवरच चक्कर येऊन पडली होती. आता तर डॉक्टर म्हणतात, एकही जेवण चुकायला नको. तेव्हा मी येतोय हे तिला कळू देऊ नकोस. एकदम दारात उभा राहीन, मग काय ओरडायचं ते ओरडू दे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच. दुसऱ्यांचे दात सरळ करतोस, ओळी तेवढ्या वाकड्या.

आई फार उतरली आहे. तू कधी येणार म्हणून रोज विचारते आणि मी सुट्टी नाही म्हणून सांगते. तिच्या तोंडावर खोटं बोलणं जिवावर येतं. सांगून टाकावं असं कितीदा वाटलं, पण तिचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तुझी खोली झाडली तर कोण येणार आहे म्हणाली. माझी मैत्रीण येतेय, असं सांगून वेळ मारून नेली.

सांभाळून ये. आशीर्वाद पाठीशी आहेत.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालपासून कामावर जातोय. हात चालतात, मन चालत नाही.

आई गेल्याचा तुझा निरोप आला तेव्हा मी त्या मधल्या बाकड्यावर होतो. पुढचं विमान पकडायचं कशाला, असंही क्षणभर वाटलं. दारात उभा राहिलो खरा, पण ओरडायला कोणी नव्हतं.

तिथे असताना विचारायचा धीर झाला नाही. शेवटी तिने माझी आठवण काढली का? खरं लिही, समजूत घालू नकोस.

तुझ्याशिवाय आता विचारणार कुणाला?
तुझा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खरंच लिहिते. त्या संध्याकाळी तिने विचारलं की धाकटा निघालाय का. तू तेव्हा विमानात होतास. ठरल्याप्रमाणे मी नाही म्हटलं. तिने ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, तर मग वाढ.

आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवली. मी वेडी, शेजारणीला आनंदाने सांगून आले. रात्री झोपेतच ती गेली. सकाळी तिची वाटी घासताना कळलं, की तू येत नाहीस अशी खात्री पटली म्हणून ती जेवली होती. हे आपण दोघांनी केलं, रे.

तू परत गेलास त्या दिवशी तुझा पोचल्याचा फोन येईपर्यंत मी गॅस पेटवला नाही. ठरवून नव्हे, घासच उतरेना. पुढच्या वेळी निघालास की मला आधी सांग. उपाशी राहायला घरात कुणीतरी हवं.

तुझी ताई