बॉनेटवरचं झाकण का उघडत नव्हतं

ड्वेन,

गाडीच्या बॉनेटवरचं, इंजिनाला हवा देणारं झाकण उघडत नव्हतं ना, बघितलं मी. बटण ठीक आहे. झाकण ज्या ओढीने उघडतं ती व्हॅक्यूमची रबरी नळी नीट बसलेली नव्हती, तिथून हवा गळत होती. नेहमीसारखी तोंडाने हवा ओढून नळी तपासायला गेले, तर टोकाला नारिंगी लिपस्टिक. मी लिपस्टिक लावत नाही. आणि तुझा दम पुरत नाही म्हणून बारा वर्षं हे काम माझंच आहे.

जी कोण असेल तिला सांग, नळी शेवटपर्यंत दाबून बसवायची असते.

तेवढं टोक कापून मी नळी बसवली. झाकण आता फटकन उघडतंय. शनिवारी शर्यतीला तिलाच शेजारी बसव.

मी बहिणीकडे चाललेय. खिम्याचा मीटलोफ ओव्हनमध्ये आहे. कापलेलं टोक तुझ्या ताटात ठेवलंय.

व्हर्ना