सुमनच्या पोटातली काळी पट्टी

३ डिसेंबर १९८६
दुपारी कॅज्युअल्टीत बोलावणं. सुमन, तिशीची, हिंगणघाटजवळच्या खेड्यातली. सरकी काढायला जिनिंगला निघालेली कापसाची बैलगाडी कलंडली, डाव्या बरगड्यांना मार. दिवस गेलेत का एवढंच मी पाहायचं होतं. आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातलं सोनोग्राफीचं यंत्र ढकलत नेलं. दिवस नाहीत. पण यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे काळी पट्टी, अर्धं बोट. रक्तच; मार डावीकडे असला तरी आडवं झोपल्यावर ते इथे उजवीकडे येऊन साचतं. गर्भनळीतला गर्भ फुटलेल्या बायकांत हीच पट्टी पाहते मी.

सर्जरीचे सर म्हणाले, रक्त आहे म्हणजे डावीकडची प्लीहा फाटलीय; पोट उघडायचं, ती काढायची. नेहमीची रीत. पण बी.पी. चांगलं, नाडी ९०. मी म्हटलं, थांबू, दर तासाला पाहते. सरांनी स्वतः नाडी पाहिली. मग, "थांबतो. पण तू इथून हलायचं नाहीस."

४ डिसें.
पट्टी तेवढीच. रक्ताची बाटली तयार ठेवलीय, लावली नाही.
सकाळी नऊला नाडी एकदम ११२, पोट दुखतंय. सरांनी थिएटर तयार करायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. पट्टी वाढलेली नाही, मूत्राशय मात्र टम्म. लघवीची नळी तुंबलेली! बदलली. अर्ध्या तासात नाडी ८८.
थिएटर रद्द.

७ डिसें.
पेज खाल्ली. नवरा रामदास विचारतो, "बाई, रक्त हाय म्हणता, मंग काढून काऊन नाई टाकत?" आपोआप जिरेल म्हटलं. त्याला पटलं नाही. मला तरी कुठे पूर्ण...

१४ डिसें.
पट्टी बारीक झालीय, गेलेली नाही. कापसाची वेचणी राहिलीय म्हणून सुमनचा घरी जायचा हट्ट. प्लीहा पुढेही फुटू शकते, हे दोघांनाही सांगितलं. सर म्हणाले, तू ठरव. इथे जवळच सिंदी मेघेला बहीण आहे, तिच्याकडे आठ दिवस राहायचं, ओझं उचलायचं नाही, या अटीवर सोडलं.
जाताना सुमन म्हणाली, "बहिणीकडं रायतो बाई. पण मंग घरी गेल्यावर पानी कोन भरीन?"
मी रामदासकडे पाहिलं. तो पिशवी बांधत होता.

२२ डिसें.
आज सुमनची तपासणीची तारीख. ओ.पी.डी. संपली तरी आली नाही. आयाबाई बहिणीकडे जाऊन आली. चार दिवसांपूर्वीच गावी गेली म्हणे, चांगली चालत गेली.
सर दोनदा दारात डोकावले. यंत्र बंद करायचं राहिलंय, पाच वाजले.