दुपारी पाहिलेलं वाळवंट

क्लेमेंटी, सिंगापूर

ती. बाबांना चैत्रालीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आईला सांगा, मेतकूट अजून पुरतंय.

वाळवंटातल्या तेलविहिरींसाठीचा माझा पाहणी अहवाल मंजूर झाला, म्हणून तुम्ही सोसायटीत पेढे वाटलेत. नको होते वाटायला. वनखात्यात असताना तुम्हीच शिकवलंत, जनावरांचे ठसे पहाटेच बघायचे, वारा सुटला की पुसले जातात. मी पोचले भर दुपारी, विमान गाठायचं म्हणून तासाभरात निघाले आणि लिहिलं, ‘वन्यजीव आढळले नाहीत.’

पुन्हा पाहणी करू द्या, असं आज साहेबांना लिहिलंय. अजून उत्तर नाही.

अहवालावर सही पूर्ण नावाने केलीय, बाबा. मधलं नाव तुमचं आहे.

चैत्राली