गुडघ्याच्या वतीने

ताई सिनिवा हिस,

फालानिकोचा नमस्कार. तुझी तब्येत, भावोजींचा दमा आणि ऑकलंडची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सावाईई बेटावर सगळं ठीक. नीरफणस भरपूर धरले आहेत, नव्या चर्चचं छप्पर चढलं, पाद्री खूश आहेत आणि माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त पुढल्या महिन्यात मला बोटीने आपिया शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. काळजीचं काही नाही. नेणार आहेत म्हणजे मी चालतच जाणार आहे.

कारण उजवा गुडघा. गावसभेत सगळे मांडी घालून बसतात, ती मला हल्ली घालता येत नाही. पाय लांब करून वर चटई पांघरली तर रीत मोडत नाही, म्हणून मी तसा बसतो. (चटईखालच्या पायाकडे कोणी बघत नाही. इतक्या काळजीने बघत नाहीत की त्यापेक्षा बघितलेलं बरं.) बसण्याचं निभावतं, पण गावाचा वक्ता म्हटल्यावर अंगणात, उन्हात, मानाची काठी धरून उभंच राहावं लागतं. परवा पाहुण्यांचं स्वागत करताना, पूर्वजांच्या नावांच्या ऐन मध्यावर गुडघ्याने दगा दिला आणि मी खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. आपल्या चुलत्याच्या अपेलूला तसं वाटलं नाही. तो उठला, माझी काठी उचलली आणि उरलेले पूर्वज त्याने उरकले. (काही गाळले.) नाताळात चर्चचं उद्घाटन आहे. तिथे मी उभा राहू शकलो नाही तर काठी अपेलूकडे जाईल, आणि गेलेली काठी परत येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तर तयारी तुझ्या भावजयीने, वाओसाने हाती घेतली आहे, घरी मोठा पाहुणा यायचा असल्यासारखी. गुडघ्याला रोज खोबरेल चोळलं जातं. सध्या घरात त्याच्याइतकं देखणं काही नाही. डॉक्टरांसाठी डुक्कर न्यायचंही तिने ठरवलं होतं. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, सैल कपडे घालून या, जुने एक्स-रे आणा. डुकराबद्दल तिला काही सांगता येईना. "रिकाम्या हाताने जायला आपण काय रस्त्यावर पडलोय?" असं म्हणून वाओसाने तारोचे कंद आणि नारळ यांवर तडजोड केली.

आपला जावई लामेको शाळेत शिकवतो, त्यामुळे त्याला सगळ्याची तालीम लागते. तो म्हणाला, डॉक्टरांना वेळ कमी असतो, आधी घरी करून बघू. तो डॉक्टर होऊन खुर्चीत बसला, मी समोर. त्याने विचारलं, काय होतंय? मी घसा साफ केला. आधी देवाचे आभार, मग आपियाच्या थोर घराण्यांचा मान, मग डॉक्टरांच्या गावाचा (ते कुठले हे माहीत नसल्याने मी आसपासची सगळी गावं घेतली), मग समुद्र शांत राहिल्याबद्दल दोन शब्द. चहा आला तेव्हा मी अजून बोटीतच होतो.

"बाबा, वेळ संपली," लामेको म्हणाला. "गुडघा राहिला."

"मग काय, आल्या आल्या पाय पुढे करू? ढोर आहे मी?"

"दुखतंय का, एवढंच सांगा."

"आपल्या कृपेने विशेष काही नाही," माझ्या तोंडून गेलं.

वाओसाने कपाळावर हात मारला. "अहो, रात्रभर विव्हळता! डुकरं जागी होतात!"

"ते घरात. परक्यासमोर?"

"मग बरेही घरातच व्हा!"

पुन्हा तालीम, पुन्हा तेच. लामेकोने गुडघा दाबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याच्या हातांचं कौतुक केलं. ताई, आपण अख्खं डुक्कर भाजून पाहुण्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, खायला काही नाही, गोड मानून घ्या. जन्मभर मी हेच बोलत आलो, आणि लोकांनी त्यालाच वक्तृत्व म्हटलं. लग्नात, मयतात, भांडणात मी सगळ्या गावाच्या वतीने बोललो. गुडघ्याच्या वतीने काय बोलायचं असतं, हे कोणी शिकवलं नाही.

एकूण सगळं छान आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
फालानिको

ता. क. विमानाचं बघशील का? आपियाच्या दवाखान्यात माझ्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं. वाओसा बोलली तर मी मध्येच 'तसं काही नाही' म्हणतो, तालमीत तेच झालं. तुला अडवायची माझी छाती नाही. बहीण बोलत असताना भावाने तोंड मिटून बसायचं, आपली ही एकच रीत या कामाला उपयोगी दिसते.

पुन्हा ता. क. काल अपेलू येऊन गेला. प्रकृती विचारली. मी म्हटलं, आपल्या कृपेने ठीक. तो बराच वेळ बसला, काठीकडे तोंड करून.

शेवटचा ता. क. पत्र टाकायला लामेकोकडे दिलं होतं, त्याने वाचून परत आणलं. म्हणाला, बाबा, गुडघा दुखतो असं तुम्ही स्वतः यात कुठेच म्हटलेलं नाही. मी वरून खालपर्यंत पाहिलं. खरंच नाही.

ताई, फार दुखतो.