हलू नकोस, ग्रेसी

जावईबापू दानियल,

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. वेळ तुमच्याच फोटोवर छापलेली आहे. चर्चची उपासना बुडवून तुम्ही माझ्या सहा वर्षांच्या नातीला तोरणमाळच्या रानात फिरायला नेलंत, आणि तो दुर्मिळ रानपिंगळा दिसताच तिला बजावलंत, "हलू नकोस ग्रेसी, तो उडेल."

ती हलली नाही. मुंगळ्यांच्या वारुळावर तशीच उभी राहिली. तुमच्या पिंगळ्याच्या फोटोचं सगळ्या नवापूरने कौतुक केलं; तिच्या सुजलेल्या पायांना मलम मी लावलं. वर मलाच ऐटीत सांगते, "आजी, मी जराही रडले नाही, पप्पांना विचार."

हट्टी पोर परवडली. ही उद्या कुणीही "हलू नकोस" म्हटलं तरी हलणार नाही, याची मला भीती वाटते.

हे पत्र पाठवलं, तर तुम्ही तिला चिंचपाड्याला माझ्याकडे पाठवणं बंद कराल. म्हणून ते माझ्यापाशीच राहील. तरी मागणी लिहून ठेवते. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं, आणि ते मला नाही, ग्रेसीला. मोठ्या अक्षरांत लिहा, ती आता वाचते: "दुखलं की ओरडायचं. पप्पांचा फोटो गेला तरी चालेल."

तुमची सासू,
एस्तेर गावित